उतरलेला सूट

“सूट अस्सल हाय,” सूर्यभान शिंपी म्हणाले. “पन कुनीतरी घातलेला हाय.”

हर्षलच्या तोंडचं पाणी पळालं. पहिलं वाक्य ऐकायलाच तो कोल्हारच्या या दुकानात आला होता. दुसरं आईपुढे बोलू नका, असं त्यानं डोळ्यांनी दोनदा खुणावलं होतं. पण हाती इटलीची शिवण लागल्यावर शिंपी कशाला कुणाच्या डोळ्यांकडे बघतो! बाहीची बटणं खरोखर उघडतात, काजं हातानं केलीत, असं कौतुक करता करता ते कोपरावरचं गुळगुळीत झालेलं कापडही दाखवून मोकळे झाले.

कडूबाई स्टुलावर बसल्या होत्या. रविवारी लेकाचं लग्न होतं.

“नवा हाय म्हनला हुतास.”

“आई, असला नवा घ्यायचा तर ट्रॅक्टर इकावा लागंल. पुन्याच्या दुकानातून घेतला. खात्रीचा दाखला हाय त्याच्यासंगं.”

“दाखल्यात घालनाऱ्याचं नाव हाय का?”

नव्हतं. कडूबाईंना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. हर्षल दहावीपर्यंत चुलतभावांच्या उतरलेल्या कपड्यांत वाढला. शाळेच्या प्रत्येक फोटोत त्याच्या शर्टाचे खांदे दंडावर ओघळलेले. निदान लग्नात तरी पोराच्या अंगावर कुणाचं उतरलेलं नको, एवढीच त्यांची हौस होती. आणि हा गडी ऐन लग्नाला उतरलेलाच घेऊन आला, तोही आवडीनं.

“परत करतो,” हर्षल म्हणाला. म्हणताना जिवावर आलं. मघाशी आरशात तो इतका देखणा दिसला होता, की त्याला स्वतःचाच हेवा वाटला होता.

घडी घालायला सूर्यभाननी कोट उलटा केला आणि ते थबकले. आतल्या खिशाखाली, अस्तराच्या कोपऱ्यात, एक पुसट पिवळा ठिपका होता. त्यावर लाल.

“इटलीत हळद-कुंकू?” हर्षल हादरला. “काका, डुप्लिकेट तर न्हाई ना?”

“शिवन खोटं बोलत न्हाई, बाळा.”

कडूबाई उठल्या. कोट दारात उजेडाला नेला. ठिपका बोटाच्या टोकाएवढाच होता. घरात कोरं कापड आलं, की अंगात घालण्याआधी त्याही असंच बोट टेकवत. चारचौघांत दिसू नये म्हणून आतल्या बाजूला. इतका महागाचा सूट, पण त्यालाही कुण्या आईनं बोट टेकवल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्यांनी ठिपक्यावरून अलगद अंगठा फिरवला. मग तोंडभर हसल्या.

“भाऊ, पँट दोन बोटं आखूड करा,” त्या म्हणाल्या. “पन तिच्या बोटाला हात लावू नका. शेजारी माझं लावते.”