पॉलिहाऊसमधल्या मुंग्या

मावा पुन्हा आला होता. हर्षितानं ढोबळी मिरचीचं पान उलटं केलं आणि कपाळावर हात मारला. पानाची पाठ हिरव्या बारीक किड्यांनी गच्च भरली होती, खालची पानं चिकट झाली होती, कोवळे शेंडे आकसले होते. निंबोळी तेल झालं, साबणाचं पाणी झालं, मावा खाणारे ढालकिडे कुरियरनं मागवून सोडून झाले. ते ढालकिडे कुठं परागंदा झाले, देव जाणे.

"हट बाजूला," दारातून सासरे म्हणाले. उमाजींच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. पंपात निंबोळी नव्हती, विष होतं. तोंडाला रुमालही बांधून आले होते.

"अप्पा, नाही म्हटलं ना!"

"स्वल्प मारतो. एकदाच. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की!" हर्षिता ओरडलीच. संध्याकाळी समोरच्या अपार्टमेंटमधल्या बायका मिरच्या न्यायला येणार होत्या. विषाचा थेंब नाही, असं तिनं एकेकीला तोंडावर सांगितलं होतं. त्यांची पोरं त्या मिरच्या कच्च्याच खात. आता फवारा मारायचा आणि संध्याकाळी त्याच तोंडानं हसत पिशव्या भरायच्या? त्यापेक्षा हे प्लॅस्टिकचं छप्परच उतरवलेलं बरं.

"मग उतरव," उमाजी म्हणाले. "येलहंक्यात, भर शहरात, एवढी जागा कोण मोकळी सोडतंय? टेंपो लावायला मागतोय तो बाजूचा, रोज विचारतोय. झाडं मेली की त्याला हो म्हणून टाकतो."

म्हणजे झालं! विष मारलं तर शब्द गेला, नाही मारलं तर बाग गेली. हर्षिता मटकन खाली बसली. आणि बसली म्हणूनच तिला दिसलं.

मिरचीच्या खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. मुंग्या थेट माव्यापाशी जात होत्या, त्याच्यातून पाझरणारा गोड चिकटा चाटत होत्या. एक चुकार ढालकिडा तिथं पोचला तर चारी बाजूंनी चावून त्याला हाकलत होत्या. गवळी म्हशी राखतो तसा त्या मावा राखत होत्या. हर्षितानं रांगेचं दुसरं टोक शोधलं. खोडाच्या बुडाशी चिमूटभर रवा-साखर होती. पुढच्या झाडाशी चिमूटभर. त्याच्या पुढच्याशीही. आणि ओळीच्या शेवटी, मागच्या दारानं कधी आत आल्या होत्या कोण जाणे, सासूबाई वाकून वाटीतून चिमटी सोडत होत्या.

"अत्ते! काय करताय हे?"

"मुंग्यांना घालतीय," रत्नाबाई म्हणाल्या. "शनिवार की आज. मुंगीच्या तोंडात पडलं की पुण्य लागतं. तुझी बाग फळू दे म्हणून तर घालतीय."

"अय्यो! अहो, त्या मुंग्याच तर मावा सांभाळतायत! मी इकडं ढालकिडे सोडतेय आणि तुम्ही त्यांना हाकलायला फौज पोसताय!" रागानं हर्षिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "एका शब्दानं विचारायचं होतं मला!"

"बघा! एकीपेक्षा एक शहाणी," उमाजी म्हणाले आणि त्यांनी पंपाचा दांडा हापसला. नळीचं तोंड मिरचीकडे वळलं.

रत्नाबाई तरातरा आल्या आणि वाटी घेऊन नळीसमोर उभ्या राहिल्या.

"बाजूला हो."

"नाही होत. अन्न घालून बोलावलंय मी त्यांना. जेवायला बसलेल्यांवर विष मारणार? मारा, आधी माझ्यावर मारा."

"अगं, मुंग्या आहेत त्या!"

"असू देत की. भरल्या पानावरून कुणाला उठवत नाही मी."

उमाजींनी बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "मरा तिकडं दोघी," म्हणाले आणि निघून गेले. बाहेर पंप जमिनीवर आदळल्याचा आवाज आला.

हर्षितानं ओढणीनं नाक पुसलं. "अत्ते, इथलं सगळं उचलायचं. मुंग्यांना बाहेर घाला, त्या फणसाखाली. खोडांना मी चिकटपट्टी बांधते, म्हणजे वर चढणार नाहीत. मग ढालकिडे टिकतील. झाडं वाचतील."

"सरी, बरं. आधीच सांगायचं होतंस." रत्नाबाई खाली बसून रवा परत वाटीत भरू लागल्या. मुंग्या त्यांच्या बोटांवरून मनगटावर चढत होत्या. त्यांनी एकही झटकली नाही.

हर्षिताला एकदम भरून आलं. केवढी ओरडली होती ती त्यांच्यावर. "अत्ते, अप्पांसमोर उभ्या राहिलात तुम्ही. माझ्या बाजूनं."

"तुझ्या बाजूनं कशाला?" वर न बघताच रत्नाबाई म्हणाल्या. "तू दिवसभर इथं. हाका मारून मारून घसा बसतो माझा, भाकरी गार होते, आणि मग तू येऊन उभ्या उभ्या ब्रेड खातीस. मी मुंग्यांच्या बाजूनं. मी वाढलेलं त्या निदान खातात तरी."