आडवी बाटली

बहारीनमधल्या झल्लाकच्या हॉटेलात, बारमागच्या थंड खोलीत, हॅझेल वाइनच्या बाटल्या रॅकवर आडव्या लावत होती. फोन वाजला. वसईहून धाकटी बहीण, लुर्डस.

"मोजणी झाली."

गावातल्या बायकांनी आज मतदान केलं होतं. पप्पांची वाइनरी चालू ठेवायची तर चिठ्ठीवरच्या उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायची तर आडव्या. हॅझेलचं नाव मतदारयादीतून केव्हाच गळलं होतं. तरी सकाळपासून तिने मनात आडवीच धरली होती.

वाइनरीला नाव दिलं ते लुर्डसचं. जांभळं कधी उतरवायची, पिंप कधी उघडायचं, शिकवलं तेही तिलाच. शेवटी पप्पांचा हात हातात होता तोही तिच्याच. हॅझेलला लिव्ह मिळेपर्यंत माती होऊन गेली होती.

"उभी की आडवी?"

"आडवी. खलास, तुमच्याकडे म्हणतात तसं."

"मेल्या बाया! पप्पांना जाऊन दिवस किती झाले?" हॅझेलचा आवाज चढला.

"मीही आडवीवरच मारला, बाय."

हॅझेल खोक्यावर बसली. "बाटलीवर तुझं नाव आहे गं."

"नाव माझं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला पप्पा फोटो दाखवायचे तुझा. माझी हॅझेल बहारीनला, मोठ्या हॉटेलात! मी तिथेच पिंपं धूत असायची. तुझ्या मागोमाग मीही पासपोर्ट काढला होता, ठाऊक आहे? पप्पा म्हणाले, एक तरी घरात राहू दे."

हॅझेलच्या मनात आलं, पप्पांच्या वाइनरीचं दार लावायचा मानही शेवटी हिलाच मिळाला.

"तू असतीस तर कशावर मारला असतास?" लुर्डसने विचारलं.

"उभीवर."

"खोटारडी," लुर्डस हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

फोन कानाला तसाच धरून हॅझेलने कोपऱ्यातली एक बाटली उचलली. पप्पांनी नाताळात गावच्या मेल्विनबरोबर तिच्यासाठी धाडलेली, वर लुर्डसचं नाव छापलेली. ती तिने रागाने उभीच ठेवून दिली होती. उभ्या बाटलीचं बूच सुकतं आणि आतली वाइन मरते, एवढं पप्पांनी तिलाही शिकवलं होतं.

तिने अंगठ्याने बूच दाबून पाहिलं. मग रॅकवर जागा केली आणि बाटली आडवी ठेवली, नाव वर करून.