ओझेलाची चाल

केंटकीच्या दौऱ्यातल्या पहिल्याच कार्यक्रमाआधी नव्या अल्बमचं खोकं उघडलं आणि बँजो वाजवणाऱ्या व्हर्जीनं वेष्टनावर वाचलं: ‘चाल पारंपरिक, कर्ता अज्ञात.’ ती चाल तिच्या आईनं, ओझेला मॅब्रीनं, गिरणीतून आल्यावर चुलीपाशी बसून बांधली होती. व्हर्जीनं फिडल वाजवणाऱ्या बँडप्रमुख भाच्याला, क्लेटनला, गाठलं. “तुझी सख्खी आजी अज्ञात होय रे?” “मावशी, कंपनीवाले म्हणाले, नाव नसलं की चाल जुनी वाटते.” कार्यक्रमात त्या चालीची पाळी येताच व्हर्जीनं बँजोच्या तारांवर पंजा दाबून धरला. “आधी नाव सांग.” क्लेटन माइकमध्ये पुटपुटला. “मागच्यांना ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. लाल कानांनी त्यानं स्पष्ट सांगितलं, “ओझेला मॅब्री. माझी आजी.” मग कुठे व्हर्जीनं पंजा उचलला आणि चाल अशी दामटली की त्याच्या फिडलला मागून धावावं लागलं.