उंचीची अट

दाराच्या चौकटीला टेकून ऋता गुपचूप गुडघे वाकवून उभी होती. सहलीसाठी बाबांनी निवडलेल्या दोन्ही पार्कांतल्या झुकझुक गाडीत चार फुटांहून उंच मुलांना बसवत नसत, आणि त्यांतल्या कुठल्या पार्कात जायचं याची बाबांची तुलना ती बालवाडीत असल्यापासून चालूच होती.

“पहिल्याच्या हॉटेलात खोल्या ऐसपैस, पण मिसळ गोड. दुसऱ्याची मिसळ झणझणीत, पण खोलीभर राक्षसांची चित्रं. झोप कशी लागणार?” बाबा म्हणाले.

“सोफ्याचंही असंच केलंत,” आई म्हणाली. “अजून सतरंजीवर बसतोय.”

“बाबा, मला कुठलंही चालेल.”

“गुडघे सरळ कर.” बाबांनी डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारली. रेघ चार फुटांच्या वर गेली. ऋताला रडू फुटलं.

बाबांचा चेहरा खुलला. “बरं झालं. गाडीचा प्रश्न दोन्हीकडे मिटला. आता फक्त मिसळीचं ठरवायचं.”