सायन्सच

“ही गाते का?” पवित्रा मॅडमनी विचारलं.

“फार वाईट गाते,” सिद्धी म्हणाली.

प्रश्न खरं तर आईला होता. सिद्धीबद्दलचे प्रश्न लोक आईलाच विचारत. सिद्धी जन्मापासून अंध. सोळा वर्षांत हे तिच्या अंगवळणी पडलं होतं, पण आज ती गप्प बसायला आली नव्हती. दहावी झाली होती आणि बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या या कॉलेजात तिला सायन्स हवं होतं. मुलांशी आणि पालकांशी बोलून कोणी कोणती शाखा घ्यावी ते सुचवायचं, हे पवित्रा मॅडमचं काम. त्या चिकपेटातल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी नाही म्हटलं की अर्ज तिथेच अडायचा.

“आर्ट्स घे गं. स्वल्प सोपं जाईल,” मॅडम मायेनं म्हणाल्या. “पुढे बी.एड. कर, शिक्षिका हो.”

“मला सोपं नकोय. केमिस्ट्री हवीय. साबण लावला की हाताचं तेल कसं जातं, असं मी आठवीत विचारलं होतं. सरांनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. मला अजून उत्तर मिळालेलं नाही.”

“सरी, ठीक आहे. पण लॅबमध्ये रंग बदलतात. ते तुला कसं कळणार?”

“रंग ओळखून बोलून सांगणारी यंत्रं असतात. यंत्र मिळेपर्यंत शेजारची मुलगी सांगेल. रंग तिने सांगायचा, त्याचा अर्थ मी लावायचा.”

“आणि बर्नर? तिथे आग असते. काही झालं तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं.”

“अंध मुलीला सायन्स देता येत नाही असा नियम असेल तर दाखवा. नसेल तर मला प्रवेश द्या.”

मॅडमची खुर्ची करकरली. आई शेजारीच होती, पण आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. ब्रेलमधली पुस्तकं मिळावीत म्हणून नागपूरच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या दारात ठिय्या देऊन बसलेली आई. बंगळूरला आल्यावर इथल्या शाळेशीही भांडलेली आई. ती आज गप्प का, ते सिद्धीला कळेना.

“स्मिताताई, तुम्हीच सांगा,” मॅडम म्हणाल्या. “घरी ही गॅस पेटवते?”

आईने घसा साफ केला. “नाही. मी तिला गॅसजवळ जाऊच देत नाही.”

“बघ बाळ. सख्ख्या आईला भरवसा नाही, तर आम्ही कसा ठेवायचा?”

खरं सांगितलं तर घरी स्वयंपाकाला येणाऱ्या धनलक्ष्मी अक्काला बोलणी बसतील. कुणाला सांगणार नाही, असं सिद्धीने वचन दिलं होतं तिला. पण गप्प राहिलं तर सगळं इथेच संपेल.

“पेटवते,” ती म्हणाली. “रोज पेटवते.”

“सिद्धी, काय बोलतेस?”

“तू ऑफिसातून आल्यावर पितेस तो चहा मी करते, आई. वर्ष होत आलं. अक्काने शिकवलं. तिला रागावू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते. पहिल्यांदा बोट भाजलं, तेव्हा गरम ताटली लागली म्हणून तुला सांगितलं. नंतर नाही भाजलं. उकळी यायला लागली की आवाज बदलतो. तेव्हा मी गॅस बारीक करते.”

आई रडेल, नाहीतर घरी चल म्हणेल. सिद्धीने दोन्हींची तयारी ठेवली. रडली तरी माघार नाही, उठली तरी माघार नाही. तिने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

“मॅडम,” आई म्हणाली, “हिला सायन्सला घ्या.”

“अय्यो,” पवित्रा मॅडम गोंधळल्या. “अहो, सोमवारी तुम्हीच ना मला फोन केलात? हिचं सायन्सचं खूळ काढा, काहीही करून आर्ट्सकडे वळवा म्हणून?”

इतका वेळ सिद्धी टेबलापलीकडच्या बाईंशी भांडत होती. आता तिने मान वळवली, आईकडे.

“हो, केला होता,” आई म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही. “मला भीती वाटत होती. आत्ताही वाटतेच आहे. तरी घ्या.”