एकास एक

गुणोत्तर शिकवायला मी जुन्या लग्नपत्रिकांचे सारखे तुकडे कापले होते. पहिलं उदाहरण आमच्याच शाळेचं घेतलं: मी एकटा गुरुजी, विद्यार्थिनी दोन. बाकावर माझा एक तुकडा वर, मथुरा आणि वैजूचे दोन खाली. “एकास दोन,” दोघी एका सुरात म्हणाल्या.

सोमवारी वैजू एकटीच आली. मथुराच्या घरच्यांनी बिऱ्हाड तालुक्याला हलवलं होतं. मी खिचडीचं उदाहरण घातलं: डाळ एक वाटी, तर तांदूळ दोन.

तिने एक तुकडा वर ठेवला, एकच खाली.

“चुकलं. तांदळाचे दोन हवेत.”

“हे खिचडीचं नाही, गुरुजी. आपलं आहे.” तिसरा तुकडा तिने मुठीत धरला होता. “आता तुमच्या वाट्याला मी एक, माझ्या वाट्याला तुम्ही एक.”



मधल्या सुट्टीत तिने अंगणात चौकोन आखले, लंगडी घालत ठिकरीचे दोन डाव एकटीच खेळली. मग दारात येऊन खापराची ठिकरी माझ्यापुढे धरली. माझा गुडघा वर्षभर दुखतोय, हे तिला माहीत आहे.

मी चपला काढल्या.