गच्चीवरून आल्यावर

पाहुण्यांचा चहा चालला होता आणि बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. कोणी म्हणे नाक आईचं, कोणी म्हणे कपाळ थेट आजोबांचं. सून ओल्या दुपट्यांची बादली उचलून गच्चीवर गेली, तेव्हा कोणाचं लक्षही गेलं नाही.

बाळंत झाल्यापासून तिची झोप उडाली होती. बाळ झोपलं तरी ती टक्क जागी. पाजणं, पुसणं, थोपटणं, सगळं हात करत. मन कुठे असायचं कोण जाणे. नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. "नवं नवं आहे, रुळशील," तो म्हणाला. आई फोनवर म्हणाली, "सोन्यासारखं लेकरू दिलंय देवानं, आणखी काय हवं?" मग तिने सांगणंच सोडून दिलं.

दुपटी वाळत घालून झाली. ती कठड्याशी गेली आणि वाकून पाहत राहिली. खाली एक माणूस पाइपाने गाडी धूत होता. आपण अंगावर पडलो तर बिचाऱ्याला लागेल, एवढंच तिच्या मनात आलं. त्यापलीकडे काही नाही. ना बाळ, ना नवरा. ते लक्षात आलं तशी ती झटकन मागे सरली. भिंत धरत धरत ती जिना उतरली.

बैठकीच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "मला डॉक्टरकडे न्या."

"ताप आलाय का?" नवऱ्याने विचारलं.

"ताप नाही. मला पुन्हा एकटीला गच्चीवर जाऊ देऊ नका."

कपबश्यांचा आवाज थांबला. सासरे हलक्या आवाजात म्हणाले, "पाहुणे जाऊ देत, मग बघू. आणि बाळाला कोण घेईल?"

सासू गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"बाळाला घ्यायला घरभर माणसं आहेत," ती म्हणाली. "हिला कोण धरणार?"

तिने चपला पायात सरकवल्या, सुनेचं मनगट पकडलं आणि जिन्याची वाट धरली. नवरा मागोमाग धावला. रस्त्यावर आल्यावरही सासूची पकड सैल होईना.

"आई, हात दुखतोय," सून म्हणाली.

"दुखू दे," सासू म्हणाली.